पट्टी न काढता मोजलेले सोळा ओहम

शांतम्माचा दिवस पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी सुरू व्हायचा. पाणी भरायला वीस मिनिटं, भाकऱ्यांना पस्तीस, अंघोळ आणि झाडलोट मिळून अर्धा तास. पावणेसहाला ती कुंभारीच्या फाट्यावर उभी असायची. रिक्षात दहा माणसं भरेपर्यंत रिक्षावाला हलत नसे, म्हणून पंधरा-वीस मिनिटं हातची धरायची. साडेसहाला ती अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमच्या कारखान्याच्या दारात यायची. कारखाना सातला सुरू व्हायचा. मधला अर्धा तास ती पावडर तापवायची. त्या अर्ध्या तासाचा पगार तिला एकोणीस वर्षांत कुणी दिला नाही, आणि तिनं एक दिवसही तो अर्धा तास चुकवला नाही.

आमच्याकडे पाणी तापवायचे रॉड बनायचे. रंगाई कारखान्याच्या हौदात, हॉटेलच्या बंबात, शिलाई कारखान्याच्या वाफेच्या टाकीत बसतात ते. मी लेथवर नायक्रोम तारेची कॉइल गुंडाळायचो. शांतम्मा ती कॉइल नळीत ताणून बसवायची आणि सभोवती पांढरी पावडर ठासून भरायची. कॉइल बरोबर नळीच्या मधोमध राहिली पाहिजे. ती एका बाजूला सरकली तर रॉड जळतो. पावडरीला ओल राहिली तर पाण्यात करंट उतरतो आणि हौदाशी उभं असलेलं माणूस मरतं. म्हणून तो अर्धा तास. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी एक रॉड परत आला, तिनं तो कापून आत बघितला आणि दुसऱ्या दिवसापासून लवकर यायला लागली.

भरलेल्या रॉडच्या पितळी टोकावर भरणाऱ्याचा नंबर ठोकायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. शांतम्माचा नंबर सात. नंबर नसलेला रॉड गेटबाहेर जात नसे. रॉड परत आला की आधी टोक बघायचं, मग माणूस बोलवायचं. सात नंबरचा रॉड परत आला म्हणून शांतम्माला बोलावलंय, असं पहिल्या वर्षानंतर मी कधी बघितलं नाही.

ती आधी बिड्या वळायची. नवरा बसलिंगप्पा मागावर होता, तो वारला. मुलगी दानेश्वरी लग्न होऊन अक्कलकोटला गेली. घर शांतम्माच्या एकटीच्या हातावर होतं. वय बावन्न. रॉड बनवणारं दुसरं कुणी सोलापुरात बाई कामाला ठेवत नव्हतं. हे काम सुटलं असतं तर पुन्हा सूप मांडीवर घेऊन बिड्या, हे तिला ठाऊक होतं. बिडीच्या दिवसांनी तिची पाठ वाकवली होती आणि खोकला लावला होता. तिकडं तिला परत जायचं नव्हतं. इतकंच तिचं मागणं होतं.

शिक्षण म्हणाल तर कन्नड शाळेत चौथी. हिशेब मात्र पक्का. तो मी तिला शिकवला असं मी सांगत फिरायचो. खरं तर मी फक्त सुरुवात करून दिली.

रॉड एकटा कधी बसत नाही. तीन रॉड दोन पितळी पट्ट्यांच्या मध्ये शेजारी शेजारी बसतात. सगळ्यांची डावी टोकं एका पट्टीला, उजवी टोकं दुसरीला. पुस्तकात याला समांतर जोडणी म्हणतात, आम्ही पॅरलल म्हणतो. करंटला एकाऐवजी तीन वाटा मिळतात. वाटा वाढल्या की अडवणूक कमी होते, म्हणून तिन्हींचा मिळून रोध सगळ्यांत लहान रॉडपेक्षाही कमी भरतो. माणसाचं मन इथंच चुकतं. वस्तू वाढली की आकडा वाढेल असं त्याला वाटतं.

पुस्तकातली रीत अशी: प्रत्येक रोध उलटा करायचा, म्हणजे एक भागिले तो आकडा, मग बेरीज करायची, मग आलेलं उत्तर पुन्हा उलटं करायचं. मी शांतम्माला तसं दाखवलं. तिनं बघून घेतलं आणि म्हणाली, "हे दोनदा उलटं कशाला करायचं, आप्पा? करंट लावून बघायचा की."

"करंट कुठं लावलाय अजून? रॉड टेबलावर आहेत."

"मनात लावायचा."

मी तिला वीस, तीस आणि साठ ओहमचे तीन रॉड सांगितले. ती पावडरीचे हात झाडत म्हणाली, "साठ व्होल्ट लावले. विसात तीन अँपिअर, तिसात दोन, साठात एक. किती झाले? सहा. साठाला सहानं भागा. दहा ओहम."

मी कागदावर पुस्तकाच्या रीतीनं केलं. दहा. मला कागद लागला होता, तिला लागला नव्हता.

"आणि सगळे सारखे असले तर?" मी विचारलं.

"मग तर डोस्कंच चालवायचं न्हाय. एकाचा आकडा घ्यायचा, रॉड किती हायेत त्यानं भागायचा."

हा हिशेब तिनं एकोणीस वर्षं केला. माझी कॉइल आली की आधी कार्डावरचा आकडा बघायची, मनात करंट लावायची, मगच नळी उचलायची. माझी चूक तिनं दोनदा पकडली. दोन्ही वेळा मला राग आला आणि दोन्ही वेळा मी गप्प बसून कॉइल पुन्हा गुंडाळली, कारण ती बरोबर होती.

मागच्या वर्षी मार्चमध्ये मालकांचा भाचा नंदीश सुपरवायझर म्हणून आला. डिप्लोमा झालेला, वय सव्वीस. मालक गुरुशांतअण्णा त्याला इंजिनिअर म्हणायचे, मग आम्हीही म्हणायला लागलो. आल्या आल्या त्यानं संगणक आणला आणि पंधरा वर्षांची जुनी जॉब कार्डं रद्दीत घातली. कुठल्या गिऱ्हाइकाला कधी किती ओहमचे रॉड दिले, ते सगळं त्या कार्डांवर होतं. रद्दीवाल्यानं ती तेवीस किलो भरली. कुणी मेहनतीनं लिहिलेलं एखादं पान फेकायच्या आधी माणसानं वाचावं, एवढं शिकायला डिप्लोमा लागत नाही.

एका टॉवेलच्या रंगाई कारखान्यातून निरोप आला. हौदातले तीन रॉड चालू होते, पण रंगाच्या मिठानं नळ्यांना खड्डे पडले होते. तसेच तीन नवीन हवेत. नंदीश मीटर घेऊन स्वतः गेला. तासाभरात परत आला आणि संगणकावर कार्ड लिहून छापलं: तीन रॉड, सोळा ओहम, सोळा ओहम, सोळा ओहम.

कार्ड माझ्याकडे आधी आलं. ते रॉड चार वर्षांपूर्वी आम्हीच दिले होते, हे मला आठवत होतं, पण आकडा आठवत नव्हता. मी कार्ड खिशात ठेवून, इतक्या कमी ओहमला लागते ती जाड तार शोधायला लागलो. शांतम्मानं विचारलं, "जाड तार कुणासाठी?" मी कार्ड दिलं.

तिनं ते वाचलं. मग उठून नंदीशच्या टेबलाकडे गेली. मीही मागे गेलो.

"सायेब, मोजताना पट्टी काढली होती का?"

नंदीशनं मान वर केली नाही. "कसली पट्टी?"

"तिन्ही रॉडला जोडलेली. पितळी. ती काढल्याबिगर एकेकाचा आकडा येत न्हाय. मीटर एका रॉडला लावला तरी तो तिन्हींचाच सांगतो."

"शांतक्का, मीटर मी लावला होता की तुम्ही?"

"तुमीच लावला. म्हणून तर इचारते. तीन जुने रॉड हुबेहूब सारखे कधी येत न्हाईत. एक सत्तेचाळीस, एक पन्नास, असं मागंपुढं असतंय. तिन्ही सोळा म्हणजे तुमी एकच आकडा तीनदा मोजलाय."

भरण्याच्या टेबलावरच्या दोन बाया हसल्या. ते हसणं महागात पडलं. नंदीश उभा राहिला.

"ओहम म्हणजे काय, ते सांगा बघू मला."

"ते तुमी सांगा. मी किती ते सांगते. एकेक अठ्ठेचाळीसच्या आसपास असणार. सोळाचे तीन भरून दिले तर करंट लई ओढतील."

"किती ओढतील?" तो आता आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होता. "सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. दोनशे चाळीस भागिले अठ्ठेचाळीस. पाच अँपिअर. तिथला स्विच वीसचा आहे. भीती कसली?"

तीन रोध त्यानं सरळ मिळवले होते. एकापाठोपाठ एक जोडले असते तर ते बरोबर होतं. पण रॉड शेजारी शेजारी होते. पहिली चूक हौदाशी झाली, ती घाईची होती. दुसरी इथं, चारचौघांत, उभ्या उभ्या झाली. ती घाईची नव्हती. विचारणारी चौथी शिकलेली बाई होती, म्हणून त्यानं विचार केला नाही.

शांतम्मानं खोक्याचा पुठ्ठा ओढला आणि खडूनं लिहिलं. "एका सोळाला पंधरा अँपिअर. तीन रॉड. पंचेचाळीस. स्विच वीसचा, वायर त्याच मापाची. वायर जळंल, सायेब."

"तुमचं काम भरायचं आहे. हिशेब करायला मी आहे."

ती मालकांकडे गेली. गुरुशांतअण्णा वाईट माणूस नाहीत, पण बहिणीला दिलेला शब्द त्यांना रॉडपेक्षा जड. ते म्हणाले, "अक्का, शिकलेला पोरगा आहे. त्याला सांभाळून घ्या. कार्डाप्रमाणं द्या."

"अण्णा, एकदा माणूस पाठवून मोजून आणा. पट्टी काढून. अर्ध्या तासाचं काम."

"गिऱ्हाईक काय म्हणेल? दोनदा मोजायला येतात म्हणेल."

ती परत आली. नंदीश वाटच बघत होता. "भरणार नसाल तर उद्यापासून येऊ नका. कुंभारीत बिड्यांना बायका लागतात, मी ऐकलंय."

हे तो बोलला. मी तिथंच होतो. तिनं माझ्याकडे बघितलं. माझी निवृत्ती तीन महिन्यांवर आली होती. मी लेथ सुरू केला आणि सोळा ओहमच्या तीन कॉइल गुंडाळल्या. चांगल्या गुंडाळल्या. चुकीचं काम मी नीट केलं, याचा राग मला अजून आहे, आणि तो नंदीशवरच्या रागापेक्षा कमी नाही.

शांतम्मानं रॉड भरले. नेहमीसारखेच, पावडर तापवून, कॉइल मधोमध धरून. पण सात नंबरचा पंच तिनं उचलला नाही. तिन्ही रॉड कोऱ्या टोकांचे टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "हे माझं न्हाईत. कार्डाचं हायेत."

नंबराशिवाय माल गेटबाहेर जाणार नव्हता. नंदीशनं तिच्या खणातला पंच घेतला आणि स्वतःच्या हातानं तिन्ही टोकांवर सात ठोकले. हातोडी धरायची सवय नव्हती. एक सात आडवा पडला.

रॉड बसले त्या दिवशी रंगाई कारखान्यातला स्विच तीनदा पडला. तिथल्या वायरमननं फोन केला. नंदीश फोनवर म्हणाला, स्विच कमजोर झालाय, मोठा टाका. वायरमननं त्रेसष्टचा टाकला. आता पडायला काही उरलं नाही. पंचेचाळीस अँपिअर त्या पातळ वायरमधून दीड तास गेले. वायरचं प्लास्टिक वितळलं आणि खाली रचलेल्या कोरड्या टॉवेलांवर पेटतं पडलं. हौदावर काम करणाऱ्या गोजरबाईनं टॉवेल ओढून बाजूला केले, म्हणून शेड वाचली. तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. डॉक्टर म्हणाला, दीड महिना पाण्यात हात घालायचा नाही. रंगाईच्या कामात पाण्याशिवाय दुसरं असतं काय?

दुसऱ्या दिवशी त्यांचा टेम्पो आमच्या दारात उभा राहिला. नवे रॉड परत, जुनेही परत. जुने तर अजून पट्ट्यांसकट जोडलेलेच होते. त्यांचा मॅनेजर ओरडत होता. अण्णांनी नव्या रॉडचं टोक बघितलं. सात. त्यांनी शांतम्माला बोलावलं.

"अक्का, काय भरलं हे?"

"कार्डावर हाय तेच. मोजा."

मोजलं. सोळा, सोळा, सोळा. मॅनेजर म्हणाला, "मग जुने कसे चार वर्षं चालले?"

"जुने पण सोळाच होते," नंदीश म्हणाला. "मी मोजलेत. भरताना आत काहीतरी चुकलंय. एक सात बघा कसा आडवा ठोकलाय. कामात लक्ष नव्हतं."

 शांतम्मानं जुने रॉड फरशीवर घेतले आणि मीटर मागितला. पहिल्या रॉडच्या दोन टोकांना लावला. "नोडरी अण्णा, बघा. सोळा." दुसऱ्याला लावला, सोळा. तिसऱ्याला, सोळा. मग पाना घेतला, एका बाजूची पट्टी सोडवली, बाजूला ठेवली. पुन्हा लावला. सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास.

 मॅनेजरला कळलं, ते त्याच्या तोंडावर दिसलं. अण्णांनाही कळलं. कळायला कठीण काही नव्हतं. पट्टी असताना तिन्हींचा एकत्र आकडा, पट्टी काढल्यावर एकेकाचा.

अण्णांनी मीटर हातात घेतला, उलटा करून बघितला आणि म्हणाले, "मीटर जुना झालाय."

मीटर जुना नव्हता. मीटर खोटंही बोलला नव्हता. त्याला तीन रॉडचा रोध विचारला, त्यानं तीन रॉडचा सांगितला. पण भाच्याची चूक मीटरवर गेली आणि मीटरला शिक्षा करता येत नाही, म्हणून ती नंबरावर आली. गिऱ्हाइकाला कुणावर तरी कारवाई केल्याचं पत्र हवं होतं. वहीत लिहिलं गेलं: सात नंबर, भरण्यात चूक, काम बंद. नंदीशला त्याच आठवड्यात नवीन मीटर आला. बावीस हजारांचा. पट्टी न काढता लावला तर तोही सोळाच दाखवेल.

मी त्या दिवशी अण्णांना म्हणालो, "सात तिनं ठोकलेला नाही. मी बघितलंय."

"आप्पा, तुमचे किती महिने राहिलेत?"

"तीन."

"मग नीट काढा."

मी नीट काढले. हेही लिहून ठेवतो.

शांतम्माला शेवटचा पगार दिला. जाताना तिनं जुन्या रॉडकडे बोट करून विचारलं, "हे काय करणार?"

"भंगार आहे. न्यायचं तर न्या," अण्णा म्हणाले. तिनं गेटवर तशी चिठ्ठी करून घेतली, सही घेतली, आणि सोळा किलोचं ते ओझं पोत्यात घालून रिक्षात नेलं. पट्ट्या आणि नट वेगळ्या फडक्यात बांधले होते.

तिनं बिड्या घेतल्या नाहीत. कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज केला. सुनावणीच्या पहिल्या तारखेला मी तिच्यासोबत गेलो. तोवर मी निवृत्त झालो होतो, म्हणून मला धाडस आलं. मी जे बघितलं ते सांगितलं. अधिकारी बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्याच बरोबरीचे. ते इंजिनिअर आहेत. मला यातलं कळत नाही. कागद आणा."

"मी हितंच मोजून दाखवते," शांतम्मा म्हणाली. "मीटर द्या."

"तुम्ही मोजलेलं चालणार नाही. शिक्का असलेलं लागेल."

तोवर तीन महिने झाले होते. घर कसं चाललं होतं ते तिनं मला सांगितलं नाही. मुलगी शेंगा आणि ज्वारी पाठवत होती, एवढं मला रिक्षावाल्याकडून कळलं. शेवटच्या पगाराला तिनं हातच लावला नव्हता.

शहरातल्या एका खासगी प्रयोगशाळेत आम्ही गेलो. तिथं यंत्रांची तपासणी करून शिक्क्याचा कागद देतात. काउंटरवरचा माणूस म्हणाला, मोजणीमागे आकार आहे. तीन रॉड म्हणजे तीन मोजण्या.

"चार," शांतम्मा म्हणाली. "तीन सुटे आणि एक पट्ट्या जोडून."

"चौथी कशाला, मावशी? पैसे वाढतील."

"चौथीच पायजे. तिच्यासाठीच आलेय."

आतल्या तंत्रज्ञानं रॉड पुसले, टोकं घासून स्वच्छ केली, दहा मिनिटं तसेच ठेवले, मग लावले. कामाचा माणूस होता. सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास. मग पट्ट्या जोडायला पाना शोधत होता, तेव्हा शांतम्मा म्हणाली, "सोळा येणार."

तो थांबला. "कॅल्क्युलेटर आहे का तुमच्याकडे?"

"कशाला? मधला अठ्ठेचाळीस धरायचा. एक त्याच्याहून एकानं कमी, एक एकानं जास्त. सारखेच समजा. अठ्ठेचाळीसला तिनानं भागा."

त्यानं नट आवळले, मीटर लावला आणि आमच्याकडे वळवला. सोळा पूर्णांक शून्य. त्यानं तिला खुर्ची दिली आणि चहा मागवला. एकोणीस वर्षांत आमच्या कारखान्यात तिला खुर्ची मिळाली नव्हती. भरण्याच्या टेबलाला स्टूल होतं.

पुढच्या तारखेला तिनं कागद टेबलावर ठेवला. अधिकारी बाईंनी चार आकडे वाचले, मग नंदीशचं जॉब कार्ड मागितलं. ते संगणकात होतं, त्यामुळे फेकता आलं नव्हतं. सोळा, सोळा, सोळा. बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि अण्णांना विचारलं, "सुटे सत्तेचाळीस ते एकोणपन्नास आहेत. तुमच्या माणसानं प्रत्येकी सोळा लिहिलेत. भरण्यात चूक कुठं आहे?"

ज्यांना यातलं काही कळत नव्हतं, त्यांना शिक्का बघून एका मिनिटात कळलं. अण्णांना ते चार महिन्यांपूर्वी फरशीवरच कळलं होतं.

अण्णा म्हणाले, "सोमवारपासून येऊ द्या त्यांना."

"न्हाय," शांतम्मा म्हणाली. बाईंनी वर बघितलं. "वहीत माझ्या नंबरापुढं चूक लिहिलीय. ती आधी खोडायची. अण्णांनी सोताच्या हातानं. नंतर येते."

"अक्का, वहीचं काय एवढं?"

"तुमाला एवढं न्हाय ना? मग खोडा."

वही मागवावी लागली. अण्णांनी ओळ खोडली आणि बाजूला सही केली. कुणाची चूक होती ते त्या जागी लिहिलं नाही. नंदीश अजून सुपरवायझर आहे. मात्र मोजायला जाताना आता पाना नेतो. गोजरबाईचा हात बरा झाला, पण दोन बोटं पुरती मिटत नाहीत. तिच्यासाठी कुठल्याच वहीत काही खोडलेलं नाही, कारण लिहिलेलंच नव्हतं.

सोमवारी शांतम्मा साडेसहाला दारात होती. पावडर तापवायला ठेवली. चार महिने दुसऱ्या बाईनं ती न तापवता भरली होती, हे तिनं पिशवीत हात घालून ओळखलं आणि त्या दिवशी आधी सगळी पावडर काढून वाळवली.

मी तिला नंतर विचारलं, "प्रयोगशाळेचे पैसे अण्णांनी दिले का?"

"न्हाय."

"मागितलेस का?"

"मागायचं माझं काम न्हाय, आप्पा. द्यायचं त्यांचं होतं."

शेवटचा पगार नऊ हजार दोनशे होता. अर्जाचे कागद, टायपिंग आणि तारखांना कुंभारीहून शहरात यायचं रिक्षाभाडं यात अकराशे गेले. उरलेले सगळे प्रयोगशाळेनं घेतले. चार मोजण्या, प्रत्येकी दोन हजार, वर शंभर रुपये शिक्क्याचे. महिनाभर पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी उठून मिळवलेल्या पैशांतून तिनं चार आकडे विकत घेतले, आणि त्यातला एकही तिला नवीन नव्हता.